सरकारचा रुपया आपल्या बाजारात येतो तेव्हा

२०२४ ची राखीपौर्णिमा आपल्यापैकी अनेकींच्या लक्षात असेल. १९ ऑगस्टला राखी होती आणि त्याच्या चार-पाच दिवस आधीपासूनच मोबाइलवर बँकेचे मेसेज यायला लागले होते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये खात्यात जमा! २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांसाठी महिन्याला १,५०० रुपये, अशी ती योजना.

मग घराघरांत दोन सूर ऐकू यायला लागले. एक म्हणायचा, "सरकार फुकट वाटतंय, आमच्या कराचा पैसा उधळतंय." दुसरा म्हणायचा, "इतकी वर्षं राबतोय, आमच्या हक्काचे आहेत." हा वाद अजून मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असंही वाटत नाही. पण मैत्रिणींनो, या दोन्ही सुरांत एक प्रश्न राहूनच गेला. आपल्या खात्यात आलेला तो पैसा पुढे गेला कुठे? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बाजारात त्यानं काय केलं? आणि तो सरकारकडे आला तरी कुठून? अर्थशास्त्रातले मोठमोठे लोक ज्या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहितात, तो विषय खरं तर हाच. सरकारनं खर्च केला की लोकांची खरेदी वाढते का, आणि त्यातून देशाचं उत्पादन वाढतं का? आपण तो आपल्या पिशवीतून समजून घेऊ या.

एक नोट, किती हात?

समजा, अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या एका ताईंना १,५०० रुपये मिळाले. त्यातले ३०० त्यांनी बाजूला टाकले आणि १,२०० आपल्याच बाजारात खर्च केले. थोडा किराणा, मुलीची वह्या-पुस्तकं, दोन ब्लाउजची शिलाई, साडीला पिको-फॉल. आता ते १,२०० रुपये दुसऱ्या कुणाची तरी कमाई झाले. शिवणाऱ्या बाईनं त्यातून भाजी घेतली, गिरणीवर दळण दिलं, रिक्षानं माहेरी जाऊन आली. प्रत्येकानं मिळालेल्या रुपयातले ८० पैसे इथेच खर्च केले असं धरलं, तर १,२०० नंतर ९६०, मग ७६८, मग ६१४ अशी साखळी चालते. तिची बेरीज होते ६,०००. म्हणजे एका ताईच्या १,५०० रुपयांतून गावातल्या वेगवेगळ्या लोकांची मिळून ६,००० रुपयांची कमाई! यालाच अर्थशास्त्रात 'गुणक' म्हणतात. १९३०च्या दशकातल्या जागतिक मंदीत जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं याच हिशेबाच्या जोरावर सांगितलं, की लोक खरेदी करत नसतील तेव्हा सरकारनं हात आखडता घेऊ नये.

पण थांबा. हा हिशेब झाला कागदावरचा. रुपयातले ८० पैशांऐवजी ५० पैसेच गावात राहिले, तर तीच बेरीज १,५०० वर येते. आणि २० पैसेच राहिले, तर फक्त ३७५ वर! पैसा तोच, ताई त्याच, फरक पडला तो गळतीमुळे.

ही गळती कुठे होते? किराणावाल्याला दिलेल्या शंभरातले बरेचसे रुपये वाशीच्या घाऊक बाजाराकडे आणि तिथून तेलाच्या, साबणाच्या कंपन्यांकडे जातात. मोबाइलचा हप्ता भरला तर ते पैसे त्याच संध्याकाळी गावाबाहेर. ऑनलाइन मागवलं तर डिलिव्हरीच्या पोराला मिळतात तेवढेच इथे राहतात. पण पिको-फॉल, शिलाई, पोळ्या करून देणाऱ्या बाई, पापड-कुरडया, शिकवणी, रिक्षा यांवर केलेल्या खर्चातला मोठा वाटा इथेच राहतो, आणि या यादीत बायकांच्या हाताची कामं किती आहेत ते बघा. एका बाईनं केलेला खर्च दुसरीची कमाई होतो, तो असा.

पैसा आधी कुणाच्या हातात पडतो, यालाही महत्त्व आहे. ज्या घरात महिनाअखेरीला डबे रिकामे होतात, त्या घरात आलेला रुपया आठवड्याभरात बाजारात जातो. ज्या घरात आधीच सगळं भरलेलं आहे, तिथे तोच रुपया बँकेत जाऊन बसतो. काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, की आज सरकारनं दिलं तर उद्या कर वाढवून काढून घेणार हे लोक ओळखतात आणि खर्च न करता पैसे जपून ठेवतात. असेलही. पण शाळेची फी थकलेली असताना उद्याच्या कराची काळजी करत कुणी पैसे दाबून ठेवत नाही.

घरातही एक गळती असते

एक गोष्ट अर्थतज्ज्ञांपेक्षा आपल्याला जास्त कळते. बाईच्या खात्यात १,५०० आले म्हणजे घराचा खर्च १,५०० नं वाढला, असं होतंच असं नाही. "तुला आता सरकार देतंय ना" असं म्हणून नवऱ्यानं घरखर्चाला द्यायचे हजार रुपये कमी केले, तर घरात वाढ झाली फक्त ५०० ची. उरलेले हजार त्याच्या खिशात राहिले. ते कर्ज फेडायला गेले असतील तर ठीक, पानटपरीवर गेले असतील तर... जाऊ दे. मुद्दा असा, की सरकारचा खर्च कधी घरच्या खर्चात भर घालतो, तर कधी त्याची जागा घेतो. रेशनवर धान्य फुकट मिळायला लागलं की आपण दुकानातून तांदूळ कमी घेतो. मग तांदळाचे वाचलेले पैसे दूध, अंडी, भाजीवर जातात की आणखी कशावर, हे त्या घरात पैशाचा निर्णय कोण घेतं यावर ठरतं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यातून वाचलेल्या पैशाचंही तसंच.

काळवेळही लागते. आठवतंय? २०२० च्या एप्रिल, मे, जूनमध्ये बायकांच्या जनधन खात्यांवर दरमहा ५०० रुपये आले होते. पण तेव्हा टाळेबंदी होती. कापडाचं दुकान बंद, शिलाईवाली घरात बसलेली, रिक्षा उभी. ते पैसे धान्याला आणि औषधाला लागले, पोटाला आधार झाला, पण या हातातून त्या हातात फिरायला वाटच नव्हती.

याच्या उलट उदाहरण २००८ चं. त्या वर्षी जगभर मंदीची लाट आली होती. परदेशात कारखाने बंद पडत होते आणि इथेही नोकऱ्या जायची भीती होती. नेमक्या त्याच वेळी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सहावा वेतन आयोग लागू झाला. थकबाकीची ४० टक्के रक्कम २००८-०९ मध्ये आणि उरलेली ६० टक्के २००९-१० मध्ये मिळाली. बाकीच्या जगात गिऱ्हाईक आटत होतं, तेव्हा सरकारी नोकरांच्या घरांत फ्रिज, कपाटं, मोटारसायकली येत होत्या. मंदीचा धक्का आपल्याकडे सौम्य राहण्याचं हेही एक कारण सांगितलं जातं.

तीन शहरं, तीन धडे

सरकारी खर्च म्हणजे फक्त खात्यात येणारे पैसे नव्हेत. आपली तिन्ही शहरं सरकारी खर्चाच्याच आधारानं वाढलेली आहेत, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे.

उल्हासनगरपासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभारली होती. म्हणून तर आजही आपण 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' म्हणतो आणि जुनी माणसं घराला 'बराक' म्हणतात. युद्ध संपलं आणि फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 'उल्हासनगर' हे नाव पडलं. सरकारनं छप्पर दिलं, सुरुवातीला शिधा दिला. पण पुढचं सगळं माणसांनी केलं. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, पुरुषांनी लोकलमध्ये फिरून गोळ्या-बिस्किटं विकली. त्यातून पुढे गजानन मार्केटचं कापड, फर्निचरचा बाजार आणि जीन्सचे कारखाने उभे राहिले. आज जीन्सचे धागे कापण्याचं काम घरी आणणाऱ्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. लढाईसाठी बांधलेल्या बराकी एका व्यापारी शहराचं भांडवल झाल्या, कारण कष्टाला तयार असलेले हात तिथे रिकामे होते. हात आणि यंत्रं रिकामी असतील तेव्हा सरकारचा रुपया उत्पादन वाढवतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा अंबरनाथचा. इथली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५३ ची. तिच्या शेजारीच ऑर्डनन्स फॅक्टरी. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला हजारो घरांत सरकारी पगार यायचा आणि त्यावर गावातले वाणी, शिंपी, सोनार, शिकवण्या सगळं चालायचं. पगार नक्की येणार हे ठाऊक असल्यामुळे वाणी उधारीची वही उघडायचा आणि सोनार हप्त्यानं दागिना द्यायचा. एकदाच मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला खात्रीनं येणारी लहान रक्कम बाजाराला जास्त आधार देते, ते यामुळे. २०२१ च्या १ ऑक्टोबरला देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हा कामगारांच्या बायकांच्या मनात पहिला विचार हाच आला असेल, की ती 'नक्की' तारीख तशीच राहील ना? अंबरनाथची दुसरी ताकद एमआयडीसी. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी महामंडळानं जागा, रस्ते आणि पाणी दिलं, आणि खासगी कारखानदारांनी आपला पैसा घातला. सरकारचा रुपया खासगी रुपयाला बोलावून आणतो, तो असा.

तिसरा धडा बदलापूरचा. २००१ च्या जनगणनेत इथे सुमारे ९८ हजार लोक होते, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचले. एवढी माणसं का आली? मुंबईपेक्षा घरं स्वस्त, आणि लोकल दारात! रेल्वेचा मार्ग सरकारी, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या इमारती, दुकानं, दवाखाने, पोळी-भाजी केंद्रं हे सगळं खासगी. मात्र माणसं जेवढ्या वेगानं आली, तेवढ्या वेगानं सरकारचा खर्च आला नाही. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली २०१९ मध्ये. अंतर साधारण १४ किलोमीटर. दरम्यानच्या काळात सकाळच्या लोकलमध्ये लटकून गेलेल्या बायकांनी या दिरंगाईची किंमत मोजली. कुणी थकून नोकरी सोडली, कुणी कमी पगाराची पण जवळची नोकरी धरली. नोकरी सोडलेल्या बाईचा पगार बाजारातून कायमचा वजा होतो, आणि हा तोटा कुठल्याच अर्थसंकल्पात लिहिलेला नसतो.

पाण्याचंही असंच. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीनं १९७२ मध्ये बांधलं. त्याच्या पाण्यावर कारखाने चालले आणि अनेक शहरांची तहान भागली, अर्थात धरणाखाली गेलेल्या गावांनी त्याची किंमत मोजली. नळाला पाणी आलं की घराचे टँकरचे पैसे वाचतात आणि बाईचा वेळ वाचतो. तो वेळ शिवणयंत्रावर बसायला, क्लास घ्यायला, नोकरीला जायला मिळतो. म्हणजे पाणी, लोकल, अंगणवाडी, पाळणाघर यांवर केलेला सरकारी खर्च बाईच्या हातात नोट देत नाही, पण ती कमावण्याची सवड देतो.

भिशीतला मोठा सभासद

आता नाण्याची दुसरी बाजू. सरकार पैसा आणतं कुठून? करातून, कर्जातून, नाहीतर दुसऱ्या खर्चाला कात्री लावून. मुख्य वाटा या. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटींचा, राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटींची आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास जाईल असा अंदाज होता. त्यात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी.

कर्जाचं काय होतं ते आपल्या भिशीवरून बघा. वीस जणींच्या लिलाव भिशीत एक सभासद अशी आली, की तिला दर महिन्याला पैसा हवा आणि ती वाटेल तेवढी बोली लावते. मग बाकीच्या एकोणीस जणींना पैसा महाग पडणार, नाहीतर थांबावं लागणार. सरकार हा असाच मोठा सभासद. बँकांमधल्या बचतीतला मोठा वाटा त्यानं उचलला, तर छोट्या कारखानदाराला आणि बचतगटाला कर्ज महाग होऊ शकतं. कारखान्यांना मागणीच नसेल, यंत्रं बंद पडलेली असतील, तेव्हा हा त्रास फारसा होत नाही. सगळेच कर्ज मागत असतील तेव्हा होतो. तसंच भावाचं. शिलाईवालीकडे काम कमी असेल तर नवं गिऱ्हाईक आलं की ती जास्त ब्लाउज शिवते. ती आधीच रात्री बारापर्यंत शिवत असेल, तर शिलाई वाढवते. पहिल्या वेळी उत्पादन वाढलं, दुसऱ्या वेळी नुसती महागाई.

कात्रीचं उदाहरणही ताजं आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावरून वाद झाला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे एका बहिणीच्या हप्त्यासाठी दुसऱ्या बहिणीच्या मुलांच्या वसतिगृहाला चिमटा बसू शकतो. त्याच वर्षी ई-केवायसी बंधनकारक झालं. पैसा अमर्याद नाही, याचाच तो पुरावा.

पैसा कुठून येणार हे आधी सांगून मग द्यायचं, अशी रीत आपल्याच राज्यानं एकदा घालून दिली आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेनं खेड्यापाड्यांतल्या लाखो हातांना काम दिलं. त्यात बायकांची संख्या मोठी होती. पुढे १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि तो या योजनेसाठी वापरायचं ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगाराच्या चिठ्ठीतली ती छोटीशी कपात मराठवाड्यातल्या एखाद्या बाईची मजुरी झाली. तिनं त्या पैशातून ज्वारी आणि लुगडं घेतलं आणि बदल्यात पाझर तलाव, बांध, रस्ते उभे राहिले. कोण देतंय, कुणाला मिळतंय आणि त्यातून काय उभं राहतंय, तिन्ही गोष्टी उघड होत्या.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, १,५०० रुपये घेताना मान खाली घालू नका. ते बाजारात जातात, कुणाची तरी चूल पेटवतात आणि जीएसटीच्या रूपानं त्यातले थोडे सरकारकडे परतही जातात. पण ते आले म्हणून बाकीचं मागणं सोडूही नका. एकदा वहीत दोन रकाने करून बघा. एका बाजूला सरकारकडून खात्यात आलेले पैसे. दुसऱ्या बाजूला सरकारनं नीट खर्च केला असता तर जे पैसे आपल्याला घालावे लागले नसते ते: सोसायटीच्या टँकरचा वाटा, सरकारी दवाखान्यात सोय नसल्यामुळे खासगी डॉक्टरला दिलेली फी, पालिकेच्या शाळेवर भरवसा नाही म्हणून भरलेली शाळेची फी, बस नाही म्हणून रिक्षाचं भाडं. ज्या महिन्यात दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा निघेल, त्या महिन्यात आपणच सरकारला १,५०० पेक्षा जास्त दिले असं समजा.

दुसरं, आपल्या पालिकेचा अर्थसंकल्प मागून बघा. महिला आणि बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असा शासनाचा नियम आहे. तो ठेवला का, खर्च झाला का, कशावर झाला? पाच-दहा जणींनी मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तर द्यावंच लागतं. २०११ पासून पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, तेव्हा आपली नगरसेविका बहुधा हाकेच्या अंतरावरच राहत असेल.

तिला भेटाल तेव्हा एकच विचारा: "ताई, या वर्षी आपल्या वॉर्डात खर्च होणाऱ्या पैशातून किती बायकांना काम मिळणार आहे, आणि किती जणींचा पाणी भरण्याचा वेळ वाचणार आहे?" उत्तर आकड्यांत मागा.